तिसरा साचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मला बोलायला पंधरा मिनिटं दिली आहेत. नभोवाणीचा हा हिशेब मला आवडतो. तुम्ही काय बोलता ते नंतर, किती वेळ बोलता ते आधी. आम्हा कवींचा बाजार याच्या नेमका उलटा. तिथे चौदा ओळींची कविता आठ ओळींवर आली, तर काम वाढलेलं असतं आणि माल कमी झालेला असतो. तेव्हा आज थोडं मापाविषयी बोलतो.

निमित्त घरचंच आहे. आम्ही गोराईला राहतो, बोरिवलीच्या खाडीकडच्या अंगाला. माझी मुलगी मालाडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती घरी आली, बॅग खुर्चीवर टाकली आणि म्हणाली, "अब्बा, आजपासून आमची नवी हजेरी सुरू झाली."

झालं होतं ते असं. त्यांच्या टीमला कोड लिहून देणारा एआय मदतनीस मिळाला आहे. प्रोग्रामरनं दोन ओळी लिहिल्या की पुढच्या दहा ओळी तो सुचवतो. पसंत पडल्या तर कळ दाबून घ्यायच्या, नाहीतर सोडून द्यायच्या. आता ऑफिसात एक फलक लागला होता. प्रत्येकाच्या नावापुढे तीन आकडे: मदतनीस आठवड्यात किती दिवस वापरला, त्याच्या किती सूचना घेतल्या, आणि किती ओळी त्याच्याकडून आल्या. हे आकडे वर्षाच्या मूल्यमापनात धरणार असंही सांगितलं होतं. माझ्या मुलीचं नाव तळाच्या चौघांत होतं. त्या आठवड्यात तिनं काय केलं होतं? दोन दिवस एक जुनी चूक शोधली होती, आणि ती सापडल्यावर तीनशे ओळी काढून टाकल्या होत्या. फलकाच्या लेखी यातलं काहीच घडलं नव्हतं.

"आता मी काय करणार आहे सांगू?" ती म्हणाली. "तो सुचवेल ते सगळं घ्यायचं आणि मग खोडायचं. आकडा वाढतो." ती हसली. मला मात्र अब्बांची आठवण झाली.

अब्बा मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्या गावातले बरेच पुरुष जहाजावर गेले. अब्बांना बोट लागायची म्हणून ते गिरणीत आले, असं अम्मी चिडवायची. ते साचे खात्यात होते. साचा म्हणजे माग. गिरणगावात कुणी माग म्हणत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. तो संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, त्यामुळे अब्बा बरीच वर्षं 'संपावर' होते. रात्री जेवणं झाली की जुन्या विणकरांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायचे. त्यातली एक १९२८ सालची होती. तिसऱ्या साच्याची.

पुढे मी ती गोष्ट पुस्तकांतून पडताळून पाहिली. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांना मंदी आणि जपानी कापडाची स्पर्धा जाणवू लागली होती. मालकांनी त्यावर उपाय काढला, त्याला ते कार्यक्षमता म्हणत. एक विणकर दोन साचे चालवत असे, त्यानं तीन चालवायचे. सूतकताईतला कामगार यंत्राची एक बाजू सांभाळत असे, त्यानं दोन्ही सांभाळायच्या. ससून समूहाच्या गिरण्यांत ही पद्धत आली. मालक म्हणत, माणशी उत्पादन वाढेल आणि कामगाराच्या हातातही चार पैसे जास्त पडतील. कामगारांचं गणित वेगळं होतं: तिघांचे सहा साचे दोघांनी चालवले, तर तिसरा कुठे जाणार? १९२८च्या एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडल्या आणि ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, अर्जुन आळवे ही नावं त्याच संपातून घराघरांत पोचली.

तिसरा साचा हे त्या संपाचं ठळक कारण. पण अब्बा सांगत ते कारण आणखी बारीक होतं. विणकराची मजुरी कापडाच्या वजनावर ठरत असे. इतके पौंड कापड, इतके पैसे. जोवर गिरण्या जाडंभरडं कापड काढत होत्या, तोवर हा काटा चालून गेला. पण स्पर्धेमुळे मालक तलम कापडाकडे वळले. तलम कापडाला सूत बारीक, ते तुटतं जास्त, नजर जास्त ठेवावी लागते, आणि तयार झालेलं कापड काट्यावर हलकं भरतं. म्हणजे काम अवघड झालं आणि मजुरी उतरली. कुणी विणकराचा दर कापला नव्हता. काटा तोच होता, त्यावर ठेवायची वस्तू बदलली होती.

शिवाय कापडात खोट निघाली तर ते कापड विणकराच्या गळ्यात मारत आणि पैसे मजुरीतून वळते करत. सूत निकृष्ट होतं का, साचा नीट लावलेला होता का, हे त्या हिशेबात येत नसे.

त्या मापात आणखी एक गोष्ट कधी आली नाही, ती सांगून पुढे जातो. विणाईत पैसे बरे मिळत, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ वाटे. आम्हा मुसलमान विणकरांना साचे मिळाले, शेजारच्या महार कामगाराला मिळाले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच काळात हा प्रश्न लावून धरला. साच्यामागे किती कापड निघतं याचे तक्ते होते. साच्यापाशी उभं कुणाला राहू देतात, याचा रकाना त्यांत नव्हता.

संपानंतर सरकारनं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९२९ साली आला. समितीनं जादा साच्यांची कल्पना मुळातून नाकारली नाही, त्यामुळे कामगारांना तो अहवाल आपला वाटला नाही. पण एक गोष्ट घडली. मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले, आणि कोणत्या कापडाला काय दर, कोणत्या खात्यात किती माणसं, यावर खुली उलटतपासणी झाली. माप कसं घ्यायचं, हाच वादाचा विषय झाला. फलक लागला आणि संपलं, असं झालं नाही.

गिरण्यांनंतर कचेऱ्यांची पाळी आली. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हटल्यावर कर्मचाऱ्यांनी देशभर आंदोलनं केली. कलकत्त्यात तर यंत्र बसू नये म्हणून इमारतीवर पहारा ठेवला. केंद्र सरकारनं स्वयंचलनाचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. अहवाल १९७२चा. दांडेकरांनी नीलकंठ रथांबरोबर देशातली गरिबी उष्मांकांत मोजली होती. मोजमापाचं महत्त्व आणि त्याच्या मर्यादा दोन्ही ज्याला ठाऊक होत्या, असा माणूस त्या खुर्चीवर होता, हे मला फार बोलकं वाटतं. मग १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. कोणती यंत्रं, कुठे, हे लेखी ठरलं. आज त्या आंदोलनांची थट्टा करायची पद्धत आहे. संगणकाला विरोध करणारे चुकले, हे मलाही मान्य आहे. पण आपल्या टेबलावर येणाऱ्या यंत्राबद्दल आपल्याला विचारलं पाहिजे, एवढं त्यांनी मिळवलं होतं.

आता सॉफ्टवेअर. टाटा कन्सल्टन्सी मुंबईत सुरू झाली १९६८ साली. अंधेरीचं सीप्झ उभं राहिलं १९७३ साली, ते इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी. सॉफ्टवेअर तिथे मागून आलं. हा माल डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर चढत नाही. मग मोजायचा कसा? जगभर सोपा मार्ग निघाला: ओळी मोजा. प्रोग्रामरनं महिन्यात किती ओळी लिहिल्या यावर त्याची किंमत ठरू लागली. पौंडावर कापड तोलण्याचाच हा प्रकार. कोड जितका नेटका, तितक्या ओळी कमी. आणि फापटपसारा लिहिणारा कागदावर कर्तबगार.

ॲपल कंपनीतली १९८२ सालची गोष्ट या धंद्यातले लोक एकमेकांना नेहमी सांगतात. लिसा नावाचा संगणक तयार होत होता. व्यवस्थापकांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म भरायला लावला. बिल ॲटकिन्सन या प्रोग्रामरनं त्या आठवड्यात चित्रं काढणारा भाग नव्यानं लिहिला. तो सहापट वेगानं चालू लागला आणि सुमारे दोन हजार ओळींनी छोटा झाला. त्यानं फॉर्मवर लिहिलं: उणे दोन हजार. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागायचं बंद झालं. मुलीला ही गोष्ट मी सांगायला गेलो, तर तिनंच ती मला पूर्ण करून सांगितली. मग म्हणाली, "आमच्या फलकावर उणे आकड्याची सोयच नाही."

आपल्याकडच्या कंपन्यांनी ओळींपेक्षा तास विकले. परदेशी गिऱ्हाइकाला बिल जायचं ते इतकी माणसं, इतके तास असं. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालीच पुस्तक लिहून बजावलं होतं की माणूस आणि महिना यांचा गुणाकार करून सॉफ्टवेअर होत नाही. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो. धंदा मात्र त्या गुणाकारावरच वाढला. माझ्या मुलीचा पगार त्यातूनच येतो. म्हणूनच एआयनं किती तास वाचतात, हा आकडा तिच्या घराशी जोडलेला आहे. दहा तासांचं काम सहा तासांत झालं तर चार तास कुणाचे? गिऱ्हाईक म्हणेल बिल कमी करा. कंपनी म्हणेल माणसं कमी करू. तिला वाटतं, त्या चार तासांत नीट तपासणी करता येईल. अब्बा असते तर म्हणाले असते, तिसरा साचा आला.

हे मदतनीस २०२१च्या जूनमध्ये आले. गिटहब कंपनीनं 'को-पायलट' आधी निवडक लोकांना दिला, वर्षभरानं सगळ्यांना. लगोलग मोजमापही सुरू झालं, आणि आकड्यांची जत्रा भरली. यातले चार आकडे मी मुलीकडून समजून घेतले.

पहिला प्रयोग मदतनीस विकणाऱ्यांच्याच घरचा. ९५ प्रोग्रामरांना एकच छोटं काम दिलं. अर्ध्यांना मदतनीस, अर्ध्यांना नाही. मदतनीसवाल्यांना सरासरी एक तास अकरा मिनिटं लागली, बाकीच्यांना दोन तास एकेचाळीस. ५५ टक्के बचत! हा आकडा जगभर फिरला. दुसरा प्रयोग मोठा होता. मायक्रोसॉफ्ट, ॲक्सेंचर आणि नाव न दिलेली एक कंपनी, मिळून ४,८६७ प्रोग्रामर, त्यांच्या रोजच्याच कामावर. पूर्ण झालेल्या कामांची संख्या सरासरी २६ टक्क्यांनी वाढली, आणि नवख्यांना फायदा जास्त झाला. तिसरा, गूगलच्या डोरा या संशोधन गटाचा २०२४चा अहवाल. लोक सांगत होते की आमचं काम वेगानं होतं, कोडही बरा होतो. पण टीमचा एकूण हिशेब मांडल्यावर दिसलं की मदतनिसाचा वापर २५ टक्क्यांनी वाढला, तर काम गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याचा वेग दीड टक्क्यानं आणि त्याची स्थिरता सुमारे सात टक्क्यांनी घटण्याचा अंदाज निघतो. एकेका साच्याचा वेग वाढला, तरी गिरणीच्या दारातून कापड वेळेवर आणि बिनखोट बाहेर पडेल असं नाही.

चौथ्यानं मला झोपू दिलं नाही. मेटर नावाच्या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२५च्या जुलैत तो जाहीर केला. १६ मुरलेले प्रोग्रामर निवडले, ज्या प्रकल्पांत ते सरासरी पाच वर्षं काम करत होते तिथलीच २४६ कामं घेतली. प्रत्येक कामाला चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं: यात एआय वापरायचा, यात नाही. आधी विचारलं, एआयनं किती वेळ वाचेल? ते म्हणाले, २४ टक्के. सगळं झाल्यावर पुन्हा विचारलं. म्हणाले, वाचला की, २० टक्के. घड्याळ सांगत होतं की एआय घेतलेल्या कामांना १९ टक्के वेळ जास्त लागला. सुचवलेलं वाचायचं, तपासायचं, दुरुस्त करायचं, यातच वेळ जात होता. सुचवलेल्यातलं निम्म्याहून कमीच त्यांनी ठेवलं. १६ माणसांवरून सगळ्या जगाचा निवाडा करू नका, असं त्या संशोधकांनीच बजावलं आहे. साधनंही दर दोन महिन्यांनी बदलतात. तरीही त्या प्रोग्रामरांचा प्रामाणिक अनुभव आणि घड्याळ यांची दिशाच उलटी निघाली, ही गोष्ट उरतेच. मी इतका वेळ कामगाराच्या बाजूनं बोलतोय. पण इथे कामगाराचा स्वतःचा अंदाजही साक्षीला उभा करता येत नाही.

हे चार आकडे एकमेकांना खोटे पाडतात का? माझी मुलगी म्हणते, नाही. छोटं, नवं, सरधोपट काम असेल तर मदतनीस धावतो. जुन्या, गुंतागुंतीच्या, घरातल्या माणसालाच ठाऊक असलेल्या कोडात तो अडखळतो. मी म्हटलं, म्हणजे जाडंभरडं आणि तलम. ती म्हणाली, हो, तसंच काहीतरी.

गोराईच्या जेट्टीवरून होडीनं पलीकडे गेलं की कोळणी वाट्यावर मासळी विकताना दिसतात. वाट्यात मोठं, लहान, ताजं, कालचं सगळं डोळ्यानं जोखलेलं असतं, आणि भाव दोघांनी मिळून ठरवायचा असतो. घासाघीस होते, भांडणंही होतात. मोठ्या ऑफिसात असं चालणार नाही, आकडे लागतीलच, हे मला कळतं. पण मग निदान काय मोजतोय ते तरी नीट ठरवा. मदतनीस किती वेळा उघडला हे मोजून फक्त तो उघडला जातो एवढंच कळतं. त्यातून आलेल्या कोडात महिन्याभरानं किती चुका निघाल्या? त्या कुणी, किती रात्री जागून निस्तरल्या? दुसऱ्याचा कोड तपासणाऱ्याचं ओझं किती वाढलं? नवखी मुलं शिकतायत, की नुसती कळ दाबतायत? चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल सांगितलं होतं की एखाद्या आकड्यावर अंमल बसवायला गेलं की त्याचं आधीचं वागणं मोडतं. माझ्या मुलीला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पहिल्याच संध्याकाळी तिनं आकडा वाढवायची युक्ती काढली होती.

२०२५च्या जुलैतच टाटा कन्सल्टन्सीनं सुमारे १२ हजार माणसं, म्हणजे दोन टक्के, कमी करण्याचं जाहीर केलं. कारण एआय नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीनं सांगितलं. तेच असेलही. पण त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या मुलांचे चेहरे एकसारखे झाले होते. मला ते चेहरे ओळखीचे वाटले. १९८२च्या जानेवारीत आमच्या चाळीच्या जिन्यावर मी ते पाहिले होते.

मुलीनं आकडा वाढवायची ती युक्ती दोन आठवडे केली आणि सोडून दिली. मग एक साधी वही आणली. मेटरवाल्यांसारखंच, प्रत्येक कामाआधी नाणं उडवायचं: छापा आला तर मदतनीस, काटा आला तर स्वतः. आधी अंदाज लिहायचा, मग घड्याळाप्रमाणे लागलेला वेळ, आणि पंधरा दिवसांनी त्या कामात दुरुस्ती करावी लागली का, ते. वहीत कधी मदतनीस जिंकतो, कधी ती. टेस्ट लिहिण्यासारख्या कंटाळवाण्या कामांत तो तिला सपशेल हरवतो, हे तिनं स्वतःहून सांगितलं. तिचे अंदाज मात्र बहुतेक वेळा चुकले, दोन्ही बाजूंनी.

परवा तिनं धीर करून ती वही टीमच्या प्रमुखासमोर ठेवली. माणूस वाईट नाही, त्याच्याही डोक्यावर कुणाचा तरी फलक असणार. त्यानं शांतपणे पानं चाळली. मग विचारलं, "पण ही वही भरायला रोज किती वेळ जातो?"

"तोही लिहिलाय," ती म्हणाली. "शेवटच्या रकान्यात."